साळुंकीचं पीस

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की मरोळ येथील माझ्या राहत्या घरी, चौथ्या मजल्यावर, एका पक्ष्याने येऊन माझ्या मुलीचं लग्न वाचवलं.

मी यातला माणूस नाही. मांजर आडवं गेलं तर त्यालाच सॉरी म्हणून पुढे जातो. पण हे मी उघड्या डोळ्यांनी, सोवळं नेसून पाहिलंय...

आमच्या कुळाचं देवक साळुंकीचं पीस. लग्नाआधी ते पूजायचं, मगच मांडव. आमची मुक्ता यावर खूप हसायची. एका वर्कशॉपमध्ये डोळे मिटून बसल्यावर तिला कळलं होतं की तिचा स्पिरिट ॲनिमल लांडगा आहे. माझी थोरली बहीण अक्का, जिने मुक्ताला लहानाचं मोठं केलं, शांतपणे म्हणाली, "लांडगा आला होता का गं तुझ्या बारशाला?"

"मग साळुंकी आली होती?"

"बोलावलं तर येते."

देवकाच्या आदल्या दिवशी डबी उघडली. वाट लागली! पिसाला कसर लागून नुसता भुगा. अक्काने जाहीर केलं की देवकाशिवाय ती मांडवात पाऊल टाकणार नाही. मुक्ताने जाहीर केलं की अक्कात्या नसेल तर तीही उभी राहणार नाही. आणि पीस आपोआप गळलेलंच हवं. उपटलेलं चालत नाही, कारण साळुंकी घरचं माणूस.

मी आणि बायको रिक्षाने आरेतल्या तबेल्यांवर गेलो. म्हशींच्या पाठीवर साळुंक्याच साळुंक्या... काय तो थाट! पिवळ्या पायांनी म्हैस स्वतःच्या मालकीची असल्यासारख्या चालत होत्या, जोडीजोडीने कचाकचा भांडत होत्या. अक्का सांगते, दिवसभर भांडतात पण जोडी सोडत नाहीत, म्हणून लग्नात पहिला मान त्यांचा. खाली मात्र पिसं फक्त बगळ्यांची.

मग मी डोकं लढवलं. गॅलरीत कबुतराची पिसं ढिगाने. एक उचललं, तपकिरी रंगवलं आणि सकाळी चौरंगावर ठेवलं. झकास दिसत होतं. अक्का वाकली, हुंगलं.

"बाळ्या, देवकाला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय."

ती उठली आणि पिशवी भरायला आत निघाली. मुक्ता हळद लावलेल्या तोंडाने रडायला लागली. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

...आणि गॅलरीच्या दारातून ती आत आली. उडत नाही — चालत. एकेक पाऊल टाकत, मानपानाची पाहुणी यावी तशी. चौरंगापाशी थांबली, माझ्या पॉलिशवाल्या पिसाकडे मान वाकडी करून बघितलं (तो अपमान मी विसरणार नाही), अंग झाडलं... आणि तिचं स्वतःचं पीस, तपकिरी, बुडाशी पांढरं, चौरंगापुढे पडलं.

पूजेचे तांदूळ टिपायला आली म्हणावं, तर एका दाण्याला चोच लावली नाही. वीस वर्षं त्या गॅलरीचं दार उघडं असतं, त्याआधी कधी आली नव्हती, नंतरही नाही. का आली, मला आजही सांगता येत नाही.

अक्काने पिशवी खाली ठेवली. पाहुणी वळली, आली तशीच रुबाबात दाराकडे निघाली. तेव्हा आमची लांडगीण पाटावरून अर्धी उठली आणि तिच्या तोंडून निघून गेलं —

"अहो, अशा उभ्याउभ्या काय जाताय... जेवून जा ना!"