अर्धपोकळ गिटारीचं गिऱ्हाईक

माझ्या थोरल्या साडूंइतका चोखंदळ माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो अजून बाजारातच फिरत असणार, घरी पोचलेला नसणार. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट न पारखता पत्करली, ती म्हणजे माझी मेव्हणी, आमची अक्का. तेसुद्धा, त्यांच्याच शब्दांत, "सासऱ्यानं इचार करायले टाइमच देला नाई म्हनून." बाकी सगळं ठोकून, वाजवून, उलटंपालटं करून. एकदा रिसोडच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर माठ घ्यायला गेलो आणि मी मास्तर असून त्या दिवशी माझी शाळा बुडाली. ते एकेक माठ मांडीवर घेत, टिचकी मारत, पोटाशी धरत, डोळे मिटत आणि मान हलवून परत ठेवत. शेवटी कुंभारीण वैतागून म्हणाली, "बाबा, पानी प्यायचं हाय का सोयरीक करायची हाय?" साडू शांतपणे म्हणाले, "सोयरीक असती तं एवढं पायलं नसतं." चपला घेताना तर ते दोन पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतली एकेक चप्पल घालून बसस्टँडपर्यंत चक्कर मारून येतात. मालेगावातले दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की एकदम जेवायला जातात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

मालेगावात त्यांची पिठाची गिरणी आहे. त्यामुळे त्यांचा मूळ रंग कोणता हे अक्कालाही नक्की सांगता येणार नाही. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, आणि बारा महिने त्यांच्या पुढे पुढे चालणारी भरगच्च ढेरी, तीही पांढरी. गिरणीत उभं राहून बोलायचं म्हणजे ओरडायचं, ही सवय त्यांना इतकी भिनली की त्यांची कुजबुजसुद्धा आठवडी बाजाराला पुरेल. एका पुतणीसाठी मुलगा पाहायला आम्ही गेलो होतो. साडू माझ्या कानाशी लागले आणि अत्यंत खाजगीत म्हणाले, "पोरगं बरं हाय गुरुजी, पन बाप लबाड दिसते." समोर बसलेल्या बापाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ती सोयरीक अर्थातच बारगळली. साडू वर मलाच म्हणाले, "तुमी तोंड पाडून बसले म्हनून त्याईले शंका आली."

चूक त्यांची कधीच नसते. पीठ जाड आलं तर ज्वारी ओली असते, उशीर झाला तर एसटी लवकर सुटलेली असते.

आता असा माणूस बास गिटार वाजवतो हे सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण वाजवतो. शाळेपासूनचे त्यांचे एक दोस्त आहेत, सगळे त्यांना शाहीर म्हणतात. या शाहिरांची भीमगीतांची पार्टी आहे. एक हार्मोनियमवाला, एक ढोलकीवाला, कोरसला दोघं-तिघं आणि एका कोपऱ्यात, स्टेजवरचा अर्धा उजेड पोटावर घेऊन, आमचे साडू. जयंतीच्या दिवसांत या पार्टीला मालेगाव, मेडशी, रिसोड असं सगळीकडून बोलावणं असतं. बास गिटारीचं दुःख असं की ती वाजते आहे हे कोणाला कळत नाही. "तुमचे साडू नुसती गिटार धरून उभे राहतात का हो?" असं मला माझ्या हेडमास्तरांनी विचारलं आहे. मी ते साडूंना सांगितलं, तर म्हणाले, "वरनात हिंग दिसते का त्याईले? एक दिवस नोको घाला म्हना, मंग ताटावरून उठतीन."

मात्र गेल्या हिवाळ्यात मेडशीच्या कार्यक्रमात हिंग जरा जास्तच झाला. गाणं संपलं, शाहिरांनी जय भीम घातला, ढोलकीवाला पाणी प्यायला लागला, आणि साडू डोळे मिटून वाजवतच राहिले. सरपंच माईकपाशी आले, भाषणाला लागले, तरी साडूंची धूम-धूम चालूच. खोटं कशाला बोलू, सरपंचांचं भाषण त्या दिवशी पहिल्यांदाच रंगलं. लोकांनी ठेका धरला. पण पार्टीतल्या कोणाला हसू आलं नाही. कारण असं हल्ली वरचेवर होत होतं आणि ते का, हे सगळ्यांना माहीत होतं. गिरणीनं साडूंचे कान खाल्ले होते. माहीत नव्हतं ते फक्त साडूंना. त्यांच्या मते लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते आणि गिटार मुकी झाली होती.

आठ दिवसांनी शाहीर गिरणीवर आले आणि गव्हाचे दाणे चाळत बसले. मग म्हणाले, "दोस्ता, तुले आमी मार्गदर्शक करून राह्यलो." आमच्याकडे माणूस कामातून गेला की त्याला मार्गदर्शक करतात. पोस्टरवर सगळ्यात वर फोटो, गळ्यात शाल, आणि स्टेजच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची. साडूंनी गिरणीचा पट्टा सोडला. सगळं एकदम शांत झालं. "जित्तेपनी हार घालून राह्यला काय बे मले?" ते ओरडले. गिरणी बंद असल्यानं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शाहीर हात जोडून म्हणाले, "जयंतीपर्यंत पाहू. जयंतीले बरोबर वाजवलं तं वाजव जलमभर. नाई तं खुर्ची." असं ते ठरलं.

अक्कानं त्यांना धरून वाशीमच्या डॉक्टरकडे नेलं. कानाचं मशीन बसवलं. साडू अर्धा दिवस ते घालून घरात बसले आणि संध्याकाळी काढून डबीत ठेवून मोकळे झाले. मी विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, भांडे आदळते ते आयकू आलं. तुमची अक्का दिवसभर माह्याबद्दल काय काय बोलते तेबी आयकू आलं. एवढ्या वर्षांचा सुखाचा संसार मोडायचा काय आता?" आणि गिरणीत तर ते मशीन घालणं म्हणजे कानात गिरणी घालणं. तो मार्ग तिथंच संपला.

मग त्यांनी मोबाईलवर गिटारी पाहायला सुरुवात केली. दळण टाकायला आलेल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्या, आणि हा माणूस चाळीशी नाकावर घेऊन परदेशी लोकांची वाजवावाजवी पाहतोय. एके दिवशी मला रिसोडला फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरून मी ऐकलं. "गुरुजी, सापडलं! अर्धी पोकळ!" अर्धी पोकळ म्हणजे काय, हे त्यांनी मला पुढच्या रविवारी भाकरीवर शेंगदाणे मांडून समजावलं. त्यांची जुनी गिटार भरीव लाकडाची, पोळपाटासारखी ठार. सगळा आवाज तारेतून स्पीकरमध्ये, लाकडाला पत्ताच नाही. पूर्ण पोकळ घ्यावी तर ती थरथरते चांगली, पण स्पीकरपुढे उभी राहिली की पेकाटात लाथ बसलेल्या कुत्र्यावानी केकाटते. तर ही तिसरी जात. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंनी पोकळ, आवाजाला वरून दोन चिरा. केकाटतही नाही आणि मुकीही नाही. पार्टीतला ढोलकीवाला म्हणाला, "भाऊ, अर्धं कायले? पुरं पोकळच घ्या ना, तुमच्या डोक्याच्या मापाचं." त्याच्याशी साडू चार दिवस बोलले नाहीत, पण ते त्याला कळलं नाही, कारण एरवी तो स्वतःही कधी बोलत नसतो.

अकोल्याच्या एका वाद्यांच्या दुकानदारानं अशा तीन गिटारी मागवून ठेवल्या होत्या. मला सोबत नेलं. "तुमी शिकेल मानूस, फसवनार नाई कोनी," असं वर सांगितलं, आणि एसटीतल्या सगळ्यांनी मी किती शिकलो आहे हे मान वळवून पाहिलं. पहिली गिटार लालभडक होती. साडू म्हणाले, "वरातीच्या घोड्यावानी दिसते." ठेवली. परत घेतली. वाजवली, पोटाशी धरली, टिचकी मारली, ठेवली. दुसरी काळी. ती त्यांनी मांडीवर घेतली, जाडी तार छेडली आणि तार घुमत असतानाच गिटारीच्या वरच्या टोकाला, खुंट्या असतात तिथं, चक्क दात लावले.

"काका! काका, चावू नका!" दुकानदार काउंटरवरून उडी मारायचा बाकी राहिला.

साडूंनी दात काढले नाहीत. तोंडात गिटार धरूनच त्यांनी त्याला हातानं थांब म्हणून खुणावलं. मी भिंतीवरच्या बासऱ्या मोजायला लागलो. माझी काहीही ओळख नाही असा चेहरा करणं मला चांगलं जमतं, शाळेत तपासणी असते तेव्हा तो उपयोगी पडतो. तार घुमून थांबल्यावर साडूंनी तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "दाढेपर्यंत येते, पन खाली उतरत नाई."

दुकानदार पोरसवदा, पण सभ्य होता. फडक्यानं दातांच्या खुणा पुसत त्यानं मोठ्यांदा, पण अगदी अदबीनं विचारलं, "काका, तुम्हाला ऐकायला त्रास आहे का?"

मी डोळे मिटले. आता याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, तूच तोंडातल्या तोंडात बोलतोस, तुझा स्पीकरच भिकार आहे, हे सगळं येणार, आणि आम्ही रिकाम्या हातानं मालेगावला जाणार. काहीच आलं नाही. मी डोळे उघडले तर साडू त्या काळ्या गिटारीकडे बघत होते. मग म्हणाले, आणि मला वाटतं ते त्यांनी हळू म्हणायचं ठरवलं होतं, पण ते रस्त्यापर्यंत गेलं: "हो. नाई येत मले आयकू. कानाचं सोडा. मले पोटात पायजे. पोटात वाजते अशी दाखवा."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, तेही आमच्याकडे वळलं. इतकी वर्षं ज्या माणसाला मी सरळ सरळ हट्टी म्हणत आलो, तो एका परक्या पोरासमोर असं बोलून गेला, आणि मी बासऱ्या सोडून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. साडूंनी मात्र पुढच्या क्षणी सदरा वर केला आणि तिसरी गिटार, साधी तांबूस, उघड्या ढेरीला लावली. तार छेडली. ढेरी थरथरली. ती मला दिसली, दुकानदाराला दिसली. साडूंचे डोळे आपोआप मिटले. "गिरनीवर हात ठेवल्यावानी लागते," ते म्हणाले. "हेच." माठाला दिवस घालवणारा माणूस तिसऱ्या गिटारीला एका तारेत हो म्हणाला. परतीच्या एसटीत त्यांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली नाही आणि कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं तर म्हणाले, "लेकरू हाय, पाच वर्षांच्या आतलं."

जयंतीला मालेगावात मैदान भरलं होतं. शाहिरांनी कडेला खुर्ची मांडूनच ठेवली होती. अक्का पहिल्या ओळीत बसली होती, आणि पदर तोंडात धरून चावत होती. आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यांनाच काही ना काही चावायची सवय लागली होती. साडूंनी सदऱ्याची खालची दोन बटणं सोडली, गिटार पोटाला लावली, एक पाय लाकडी स्टेजवर, ढोलकीच्या अगदी जवळ, घट्ट रोवला आणि सुरुवात केली. एक ठोका चुकला नाही. गाणं सुरू झालं की सुरू, थांबलं की थांबले. गाण्यामागून गाणी गेली, खुर्चीवर कोणीतरी पाण्याचा जग ठेवून दिला. शेवटी पब्लिकनं टाळ्या वाजवल्या तेव्हा अक्का उठून उभी राहिली आणि बसायचं विसरली.

कार्यक्रमानंतर शाहीर रुमालानं मान पुसत मांडवामागं आले, साडूंच्या समोर तोंड दिसेल असे उभे राहिले आणि म्हणाले, "कसा गायलो बे?"

"लै भारी," साडू म्हणाले. "आज तं कमाल केली राजा तू."

शाहिरांनी रुमाल खांद्यावर टाकला. मग माझा दंड धरून मला जनरेटरकडे घेऊन गेले. मला वाटलं खुर्चीचं काही बोलायचं असेल. "खुर्ची गेली चुलीत," ते म्हणाले. "वाजवू द्या त्याले जलमभर. पन गुरुजी, आज दुसऱ्या गान्यात मी कडवं इसरलो. वरच्या पट्टीत आवाज फाटला. गाढवावानी गायलो म्या आज. एवढ्या वर्षांत यानं मले एक दिवस चांगलं म्हटलं नाई. दर कार्यक्रमाले शिव्या घाले, अन् त्या खऱ्या राहे. आज म्हनते कमाल केली." त्यांनी रुमाल ओढून परत मान पुसली. "ढोलकी जाते त्याच्या पोटात. मी नाई जात."

आता पार्टी जोरात आहे. साडू वाजवतात आणि एकदाही चुकत नाहीत, आणि त्या गिटारीला दुसरं कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. कार्यक्रम संपला की शाहीर अजूनही त्यांच्यासमोर जाऊन उभे राहतात, कसा गायलो म्हणून विचारतात आणि "लै भारी" ऐकून वरणात खडा लागल्यासारखं तोंड करतात. मला राहवेना. मागं एकदा मी धीर करून म्हणालो, "शाहीर, आज शेवटचं गाणं जरा बेसूर झालं." ते म्हणाले, "तुमी शाळा शिकवा गुरुजी, तुमाले काय समजते त्यातलं," आणि परत वळून साडूंच्या तोंडाकडे बघत राहिले, एखादी तरी शिवी येईल म्हणून.