‘नाही दिसला’ म्हणायला गंगरेलपर्यंत

जो तारा दिसणार नाही अशीच आशा होती, तो बघायला मी शनिवारी रायपूरहून गंगरेल धरणापर्यंत गेले. हसू नका, आधी ऐका.

माझी भाची रेवा पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. तिचा एक लाडका जोडतारा आहे. एरवी तो इतका मंद की माझ्या दुर्बिणीत दिसतच नाही, आणि मध्येच उद्रेक झाला की एका दिवसात शंभरपट उजळतो. तो शांत असताना अवकाशातली मोठी दुर्बीण त्याच्याकडे वळणार होती. उजळलेला निघाला तर तिचं नाजूक उपकरण जळायची भीती, म्हणून आम्हा हौशी मंडळींनी आधी बघून ‘शांत आहे’ असं कळवायचं. पुण्यात ढग, नागपूरचे गृहस्थ मेव्हण्याच्या लग्नात. उरले मी.

“मावशी, आज तुझ्याकडून ‘नाही’ हवंय,” रेवा म्हणाली. “नाहीतर माझी पाळी गेली. पुन्हा कधी मिळेल, देव जाणे.”

समता कॉलनीतल्या आमच्या गच्चीवरून काही जमत नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर आणि उजेड मिळून आकाशाची वाट लावतात. माझे धाकटे दीर सुनीलभाऊजी गाडी चालवायला तयार झाले. “चला वहिनी, फिरणंही होऊन जाईन!” तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

अभनपूर, कुरूद, धमतरी असा रस्ता आहे, आणि चांगला आहे. कुरूदला गरम चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाट्याची चटणी जरूर खा, पण भाऊजी सोबत असतील तर मुळीच थांबू नका. एक चिला खायला थांबलो, मग आणखी एक, मग चहा, मग त्यांच्या ओळखीचं कुणीतरी भेटलं. सूर्य कलला तरी यांच्या गप्पा संपेनात.

धरणाजवळ साध्या खोल्या हजार-बाराशेत मिळतात. घेताना दिव्यांचं आधीच बोलून घ्या. मी बोलले नव्हते. अंधार पडला, दुर्बीण लावली आणि राखणदाराने हॅलोजन पेटवला.

“भैया, लाइट बंद करो ना.”

“दीदी, अंधियार म साँप निकलथे.”

“निकलने दो!”

बऱ्याच विनवण्यांनंतर दिवा विझला. दुर्बिणीला डोळा लावला तर ओळखीचे शेजारी तारे दिसले, मधली जागा रिकामी. पण हवा धुरकट होती. सगळ्यांत मंद शेजारीसुद्धा दिसला तरच माझ्या ‘नाही’ला अर्थ. तो नेमका कुठे ते बघायला नकाशा आणावा म्हणून मी खोलीत गेले. भाऊजींना म्हटलं, “बघा तोवर.”

परतले तर त्यांनी माझ्याच फोनवरून आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं होतं: ‘दिसला!! मस्त चमकून राहिला!’

लगेच रेवाचा फोन. “मावशी, उजळला? मग मला सगळं रद्द करायला सांगावं लागेल.” पोरीचा आवाज रडवेला झाला होता.

“थांब. इतक्यात कुणाला कळवू नकोस.” मी भाऊजींकडे वळले. “कुठे दिसला?”

“तिथंच, मधात.”

“मधात म्हणजे नेमका कुठे?”

“आता ते मी कसं सांगू वहिनी?”

डोक्यात तिडीक गेली. पुन्हा डोळा लावला. मान आखडली, पाय गारठले, आणि खूप वेळाने तो सगळ्यांत मंद शेजारी दिसला. मधली जागा तशीच रिकामी. भाऊजींनी शेजारचाच तारा धरला असणार, असं म्हणून मी ‘नाही’ कळवलं. मग मात्र झोप लागेना. आपण चुकलो असलो तर? सकाळी परतताना भाऊजींशी मी एक शब्द बोलले नाही. गंगरेलचं पाणी सुंदर आहे म्हणतात. मी बघितलंच नाही.

दोन दिवसांनी रेवाचा फोन आला. निरीक्षण झालं होतं, तारा शांत होता. ती रडली, मीही रडले. संध्याकाळी भाऊजी चहाला आले, तेव्हा त्यांना ते सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“वहिनी, रागावू नका. मले तर काहीच दिसलं नव्हतं.”

“मग लिहिलंत काहून?”

“तुम्ही इतकी मेहनत करून राहिल्या, आन् हाती काहीच नाही. मले कसंतरीच वाटलं.”

“अहो, मग ‘काहीच दिसलं नाही’ एवढंच लिहायचं होतं! रेवाला तेच हवं होतं!”

“एवढंच?”

“एवढंच.”