फी भरणाऱ्याचं नाव

मुलांना शाळेत सोडून गेटसमोर चहा घेणारे आम्ही चार-पाच पालक. शाळेने रोख फी घेणं बंद करून ॲप आणलं, फीच्या खिडकीला फळी ठोकली आणि आमच्याकडे किस्स्यांचा ढीग साचला. गंमत अशी, की प्रत्येक जण दुसऱ्याचाच सांगतो!

*

आमच्यातल्या कापडवाल्या शेठजींच्या घरी पैसे पूर्ण आकड्यात देत नाहीत. वर शकुनाचा एक रुपया हवाच. ॲपमध्ये आकडा आधीच भरलेला, वाढवता येईना. शेठजी रुपयाचं नाणं घेऊन ऑफिसात हजर.

"शेठजी, कॅश बंद आहे," क्लार्क मॅडम म्हणाल्या.

"ही कॅश नाही मॅडम, रिवाज आहे."

मॅडमनी हेडसरांना विचारलं, सरांनी संस्थेला फोन लावला. संस्थेचं उत्तर अजून यायचंय. नाणं मॅडमच्या टेबलावर पडून आहे.

*

भडगावचे आबा नातवाची फी भरतात. मुलाने शिकवलं तशी मोबाइलवर भरली आणि लगेच एसटी पकडून जळगावला आले. सगळे पैसे गेल्याचा मेसेज दाखवत फोन मॅडमपुढे धरला.

"बठ्ठा पैसा गया ना ताई. मंग शिक्का कोठे शे?"

"आबा, मेसेज आलाय ना, तीच पावती."

आबांना पटेना. शेवटी मॅडमनी फोनच्या कव्हरवर शिक्का मारून दिला. ते कव्हर आबा कुणाला पुसू देत नाहीत.

*

आता माझा. हा मी चहावर कधी सांगितलेला नाही.

इथेच जळगावात, मेहरूणला माझं कटलरीचं दुकान आहे, म्हणजे आहे म्हणायचं. मुलीची फी माझी धाकटी बहीण सुरेखा देते. ती धुळ्याला ब्लाउज शिवते. आधी राखीला आली की रोख द्यायची, आणि मी मुलीला शेजारी घेऊन खिडकीशी छाती काढून उभा राहायचो. नोटांवर कुणाचं नाव नसतं. मुलीला कळू नये, एवढंच मला हवं होतं.

यंदा सुरेखा म्हणाली, "दादा, लिंक मलाच पाठव. इथूनच भरते." माझ्या हातात पैसे आले की दुकानात जिरतात, हे तिला माहीत आहे. लाज वाटली, पण लिंक पाठवली.

वेळेवर फी भरणाऱ्याला पालकसभेत गुलाबाचं फूल द्यायची आमच्या शाळेत पद्धत आहे. यंदा मॅडमनी नावं ॲपमधूनच वाचली. ज्याच्या खात्यातून पैसे आले, त्याचं नाव. माझ्या मुलीचं नाव घेऊन त्यांनी पुढे पुकारलं, "सुरेखाताई."

कोणीच उठेना. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. पायात चप्पल होती.

शेजारी बसलेली मुलगी उठली, फूल घेऊन आली आणि माझ्या हातात देत हळूच म्हणाली,

"पप्पा, या वेळी तरी आत्याचं फूल आत्याला देऊ."