मुठीपुरती खाच

माझी धाकटी बहीण पालीला घरच्या पडवीत पार्सलाच्या प्लास्टिक पिशव्या करते. कोकम, आंबापोळी पाठवणारे त्यांत माल घालतात आणि तोंड चिकटवतात. भावोजी गेल्यापासून तिचे घर याच कामावर चालते. मागच्या वर्षी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने तिला पहिली मोठी मागणी दिली. शनिवारपर्यंत माल पोचला नसता, तर त्याने तो दुसरीकडून घेतला असता.

तो माल घेऊन मी रत्नागिरीच्या मालवाहतूक कचेरीत गेलो. कारकुनाने गठ्ठा सोडला, एका पिशवीच्या तोंडाशी धरायला पाडलेल्या खाचेत चार बोटे घातली आणि ती उचलून दाखवली.

"काका, ही कॅरीबॅग. बंदीतला माल. मी चढवणार नाही."

"आतली डिंकाची पट्टी दिसत नाही? बाजारहाटाची पिशवी कोणी चिकटवून बंद करतो का?"

"मग खाच कशाला?"

मी गठ्ठा परत बांधून घेतला. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस मी; तडक पालीला जाऊन बहिणीच्या पडवीतच तीन पानी तक्रार लिहिली. वर्गीकरण वस्तूच्या उपयोगावरून व्हावे, कोणाच्या बोटांवरून नव्हे, असे मुद्देसूद मांडले. कारकुनाला अडाणी आणि उद्धट ठरवले. मग सगळी तक्रार तिला वाचून दाखवली.

"दादा, खाच कोणी पाडायला लावली, ते नाही रे आलं यात."

मीच लावली होती. माझे घर पाखाडीच्या, डोंगरातल्या पायऱ्यांच्या वाटेच्या, तळाशी. पोस्टमन पार्सले काखेत धरून निसरड्या पायऱ्या उतरतो. त्याचा एक हात मोकळा राहावा म्हणून मी तिला ती खाच सुचवली होती. तिच्या आधीच्या पिशव्यांना खाच नव्हती आणि त्या कोणी अडवल्याही नव्हत्या. दादाला कायदा कळतो, म्हणून तिने दुसऱ्या कोणाला विचारले नाही.

"पट्टीच्या वरचा खाचेचा भाग कापते मी," ती म्हणाली. "तू हे फाड. खरं काय ते लिही."

ती आणि तिच्या दोन कामकरणी दोन दिवस कापत होत्या. मी पाच ओळी लिहिल्या: खाच माझ्या सांगण्यावरून होती, चूक माझी. शुक्रवारी कारकुनाने त्या वाचल्या, एक पिशवी उलटसुलट पाहिली आणि वेष्टन म्हणून माल चढवला.

माझा राग मात्र गेलेला नाही. सामान कोण उचलून नेतो, हे कोणत्याच वर्गवारीत विचारले जात नाही. त्याबद्दल मी अजून पत्रे लिहितो. आणि पार्सल यायचे असले की पाखाडी चढून वर जाऊन उभा राहतो.