कुलूपबंद चौकी

काही गुन्हे उघडकीस आले तरी मनातून जात नाहीत. मी ठाण्याचा प्रमुख असताना देवबागला घडलेला हा त्यातलाच एक.

किनाऱ्यालगत एक वृद्ध ख्रिश्चन बाई एकटी राहायची. मुलगी गोव्यात. एका दुपारी कोणीतरी घरात शिरलं, तिला ढकललं आणि गळ्यातली सोन्याची साखळी ओढून नेली. तिचं खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात मी जबाब घ्यायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "एक मानूस घराभोवती फिरता, ह्या सांगूक दोनदा चौकीर येवन गेलंय, बाबा. कोणच नाय गावलो."

खरंच होतं. चौकीवरचा एक हवालदार निवृत्त झाला, दुसऱ्याची बदली झाली. दोन्ही जागा रिकाम्या. उरलेला शिपाई महिनाभर पुढाऱ्यांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्ताला कणकवलीत. मी माणसं मागितली, तेव्हा वरून उत्तर आलं होतं, "तुमचा भाग शांत आहे."

पंचनाम्यात काही हाती लागलं नाही. मग वेंगुर्ल्याच्या एका सोनाराचा फोन आला. तुटकी साखळी विकायला आलेला माणूस ती बायकोची म्हणत होता. बायकोला घेऊन ये म्हटल्यावर सटकला. दुकानाच्या कॅमेऱ्यात चेहरा सापडला. बाईच्या घराला रंग देऊन गेलेला कामगार!

चौकशीत तो कानावर हात ठेवत राहिला. मी आवाज चढवला नाही. चहा दिला आणि सहज विचारलं, "चौकी समोरच. भर दुपारी भीती नाही वाटली?"

तो हसला. "कसली चौकी, सायबानू? म्हयनोभर कुलूप आसा. म्हातारेन बोंब मारल्यान तरी येतलो कोण?"

बोलून गेल्यावर आपण कबुलीच दिली, हे त्याच्या लक्षात आलं. साखळी त्याच्या घरी रंगाच्या डब्यात मिळाली.

न्यायालयाच्या आदेशानंतर ती परत द्यायला मी स्वतः गेलो. बाई सामान बांधून मुलीकडे निघाली होती. म्हणाली, "सोना गावला. पण हय एकटी रवाची हिंमत माका खंय गावतली?"

पोलीस नुसता दिसला तरी कितीतरी गुन्हे टळतात. टळलेल्या गुन्ह्यांची नोंद स्टेशन डायरीत होत नाही, म्हणून वर बसलेल्यांना भाग शांत वाटतो आणि ते माणसं काढून घेतात. चोराला मनुष्यबळाचा हिशेब त्यांच्याआधी कळतो, याची मला आजही चीड येते.

मी निवृत्त झालो, त्या दिवशी माझ्या जागी कोणीच आलं नाही. शेजारच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' गेला. तो अजून त्याच्याकडेच आहे.