ओल्या शर्टाचे मास्तर

माझ्या मुलीच्या शाळेने तिच्या विज्ञानाच्या मास्तरांना फसवलं. सरळ सांगतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी आडून बोललो. त्यांची विद्या त्यांच्याच हातून काढून घेतली, एका सीडीत भरली आणि त्यांना त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर नेऊन बसवलं. मी विट्याकडचा गलाईवाला. सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ वेगळी काढायची, हा आमचा धंदा. त्यासाठी मिसरूड फुटायच्या आधी मद्रासला आलो, भट्टीपुढे भाजलो, सावकारपेठेत स्वतःचं दुकान टाकलं. मला फसवायला येणारे रोज येतात आणि रोज परत जातात. पण इतक्या आनंदाने, नवा शर्ट घालून, केस विंचरून स्वतःच्या फसवणुकीला गेलेला माणूस सबंध चेन्नईत मी एकच पाहिला.

मास्तर तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, आणि तिला चाल मात्र तमिळची. अंगाने सडपातळ, डोक्याला तेल, कपाळावर गंधाची रेघ, आणि शर्टाचा पुढचा भाग कायम ओला. कडक उन्हाळ्यात सगळं गाव घामाने भिजायचं, हे पाण्याने भिजलेले असायचे. कॉलरला आतून शिवणाची सुई टोचलेली असे, कारण सुई पाण्यावर तरंगते हे कुणाला कधी दाखवावं लागेल याचा नेम नाही. खिशात मिरपुडीची पुडी, ती पाण्यावर भुरभुरून साबणाच्या बोटाने पळवून दाखवायला. हातात कडीचा स्टीलचा डबा. बसमध्ये लोकांना वाटायचं सांबार आहे. त्यात पाणी असायचं.

पहिल्यांदा दुकानात आले ते माझा काटा मागायला. गलाईवाल्याचा काटा म्हणजे काय, हे धंद्याबाहेरच्याला कळायचं नाही. काचेच्या पेटीत असतो. माझ्या बायकोलाही त्यावरची धूळ पुसायची परवानगी नाही.

"राव, आपला कांटा एक दिवस द्यावा," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"पाण्याचा थेंब तोलावयाचा आहे. साध्या पाण्याचा एक, साबणाच्या पाण्याचा एक."

"आणि काटा बिघडला तर? तारण काय ठेवता?"

मास्तरांनी स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छत्री आहे," म्हणाले. "थोडी गळते."

आता अशा माणसाशी घासाघीस कशी करायची? समोरचा ताणायला लागला की मला हुरूप येतो. हा माणूस दोरीचं टोकच हातात धरेना. शेवटी मी माझी अट घातली: काटा येईल, पण काट्याबरोबर मीही येईन. "उत्तम," मास्तर म्हणाले, "एक विद्यार्थी अधिक जाला." अशा रीतीने शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला मी एग्मोरच्या बाजूच्या त्या खासगी शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. माझी मुलगी पुढे बसलेली. तिने एकदा वळून पाहिलं आणि दप्तरात तोंड घातलं.

साबणाच्या पाण्याचा थेंब साध्या थेंबापेक्षा हलका भरला. साबण घातला की पाण्याची ओढ कमी होते, थेंब मोठा व्हायच्या आतच गळतो, हे मला त्या दिवशी कळलं. पण खरी गंमत पुढे होती. मास्तरांनी काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवला, पेला उलटा केला आणि हात काढला. पुठ्ठा क्षणभर चिकटून राहिला, वर्गाने श्वास रोखला, आणि सगळं पाणी मास्तरांच्या शर्टावर. "सार!" म्हणून अख्खा वर्ग ओरडला; इकडे सरांना सार म्हणतात. मी म्हटलं, आता हा माणूस खजील होणार. तर त्यांचा चेहरा असा फुलला जणू लॉटरी लागली.

"एन कोट्टिच्चु?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. का सांडलं?

एकदम हातांचं जंगल उभं राहिलं. कुणी म्हणालं पुठ्ठा वाकडा होता, कुणी म्हणालं भिजून मऊ पडला होता, कुणी म्हणालं पेल्यात हवा राहिली. मास्तर प्रत्येकाला पुढे बोलावत होते, पुन्हा पेला भरत होते, पुन्हा भिजत होते. थोड्या वेळाने मुलं खाली बसली तरी एक हात वरच होता. तो माझा होता. "बोला राव," मास्तर म्हणाले. मुलगी पुन्हा दप्तरात.

त्यानंतर मास्तर आमच्या घरचेच झाले, आणि त्यांच्याबरोबर कुठेही जाणं म्हणजे संकट झालं. ओळखीतल्या एका लग्नात टेबलखुर्च्यांवर पंगत बसली. केळीची पानं मांडली, पानावर शिंपडायला पाणी आलं. सगळ्यांनी हाताने पाणी पसरून पान पुसायला घेतलं. "पुसूं नका! पाहा!" मास्तर ओरडले. पानावर पाण्याचे गोल गोल थेंब पळत होते. मास्तर पान तिरकं करून एक थेंब दुसऱ्यावर घालत होते, दोन्हींचा एक होई, आणि शेजारचे काका, पलीकडचे वकील, त्यांची बायको, सगळे वाकून बघत होते. भाताचं पातेलं घेतलेला वाढपी मास्तरांपुढे अडकला, त्याच्यामागे सांबारवाला, त्याच्यामागे रस्समवाला. नवरीचे वडील धावत आले. कुणी रुसलं की काय, असं त्यांना वाटलं. मी भुकेने कावलो होतो. "मास्तर, थेंब जेवणानंतर पण असतील!" म्हटलं. "जेवणानंतर पान तेलकट, राव," ते म्हणाले. "तो प्रयोग निराळा." तोही झाला. बायको मला म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी ह्यांना टेबलखुर्चीच्या पंगतीला तरी बसवू नका, सगळ्यांना दिसतं."

मग शहराचं पाणी आटलं. नळ कोरडे पडले, गल्लीगल्लीत पाण्याच्या लॉरीची वाट बघत रंगीत प्लास्टिकच्या कुडमांच्या, म्हणजे घागरींच्या, रांगा लागल्या. लोक एकमेकांच्या घागरी लाथाडत होते. मास्तर त्या रांगेत उभे राहून पुढच्या बायकांना प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाण्याची पातळी दोन्हीकडे कशी सारखी राहते ते समजावत. "सार, क्लास नंतर! आधी कुडम पुढे सरकवा!" म्हणून बायका खेकसत. शाळेतल्या टाकीत पाणी नव्हतं, म्हणून वर्गाचं पाणी ते घरच्या पाण्याच्या वाट्यातून नेत. त्यांच्या बायकोने एकदा माझ्यासमोरच सुनावलं, "घरीं आंघोळीस पाणि नाही, वर्गास आहे! सातवीची पोरें माझ्या सवती जाल्या!" पण तो माणूस थेंब वाया घालवत नव्हता. ज्या पाण्यावर सुई तरंगली त्यानेच पुढे चिंधी एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी कसं ओढते ते दाखवायचं, त्यानेच मुलांनी हात धुवायचे, आणि उरलेलं मैदानातल्या बदामाच्या झाडाला. त्या वर्षी आसपासची सगळी झाडं वाळली. बदाम माजल्यासारखा हिरवा होता.

नेमकं त्याच वर्षी करस्पॉन्डंटने त्यांना गाठलं. इकडे खासगी शाळा चालवणाऱ्या मालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. तो म्हणाला, "मास्तर, तुमचे प्रयोग कॅमेऱ्यात घेऊ. ट्रस्टींना दाखवतो आणि तुम्हाला नळ आणि बेसिन असलेली खोली मिळवून देतो." खोली! मास्तर ते मला सांगायला दुकानात आले तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि ते तिच्या किती जवळ उभे आहेत याचं त्यांना भान नव्हतं. "बेसिन, राव! वर्गांत बेसिन!" मी विचारलं, खोली कधी, कुठल्या मजल्यावर, शब्द कुणासमोर दिला? ते म्हणाले, "आपण फारच सोनार आहां." मी सोनार नाही, गलाईवाला आहे, पण ते असो.

शूटिंगला त्यांना पांढरा कोट दिला. पाण्याचे कॅन आणले. प्रत्येक प्रयोग जमेपर्यंत करायला लावला आणि सांडलेलं सगळं कापून टाकलं. पुढच्या सत्रात वर्गात पडदा आला, प्रोजेक्टर आला. खोली आली नाही. टंचाईत वर्गात पाणी सांडायला मिळणार नाही, असं करस्पॉन्डंटने मास्तरांना ऐकवलं. एका संध्याकाळी मुलीने जेवताना सांगितलं, "अप्पा, सार आता पिक्चरमध्ये येतात."

"आणि खरे सार?"

"मागच्या बाकावर बसतात. बटण दाबतात. स्वतःला बघतात."

दुसऱ्या दिवशी मास्तरांना दंडाला धरून मी करस्पॉन्डंटच्या गार खोलीत गेलो. माझं गणित तयार होतं. पाणीटंचाईचं कारण सांगतोय ना, कारणच काढून घ्यायचं.

"दर आठवड्याला पाण्याची लॉरी माझ्याकडून," मी म्हटलं. "बदल्यात मास्तरांना एक तास. खरं पाणी, खरा पेला."

करस्पॉन्डंट गोड हसला. असं हसणारी गिऱ्हाइकं मी ओळखतो. "सार, प्रश्न पाण्याचा नाही. सीडीत प्रत्येक प्रयोग यशस्वी होतो. यांचे निम्मे फसतात. पालक तक्रार करतात."

"निम्मे? कोण म्हणतं निम्मे?" मी टेबलावर हात आपटला. "मास्तर, सांगा की ह्यांना!"

मास्तर क्षणभर विचारात पडले. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "निम्मे नव्हेत. अधिकच फसतात."

संपलं. करस्पॉन्डंटने दोन्ही हात पसरले, जणू पंचांनी निकाल दिला. आयुष्यात इतके सौदे केले, पण माझ्याच बाजूच्या माणसाने माझं पारडं असं उचलून ठेवलेलं पाहिलं नव्हतं. जिन्यावर मी त्यांच्यावर असा भडकलो की शिपाई बाजूला झाला.

"अहो, धंद्यात असं बोलतात का? खोट आहे हे गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायचं?"

"खोट कैसी? फसतें म्हणून तर पोरें विचारतात. सीडी फसतच नाही, तिला कोण काय विचारणार?"

"मग हे वर का नाही बोललात?"

"त्यांनी विचारिलें नाही," मास्तर म्हणाले.

त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि बायकोसह तंजावरला भावाकडे गेले. स्टेशनवर निरोप द्यायला गेलो तेव्हा त्यांचा शर्ट कोरडा होता. माणूस ओळखू येईना. मला काहीबाही बोलायचं होतं, पण मी हमालाशीच भांडत राहिलो. सीडी अजून चालते. शाळेच्या दुसऱ्या शाखांतही चालते म्हणे. पांढऱ्या कोटातले मास्तर तिथे एकदाही न भिजता शिकवतात.

परवा मुलगी आईजवळ स्वयंपाकघरात उभी होती. तवा कडकडीत तापला होता. हातावरचा पाण्याचा थेंब त्यावर पडला, आणि चर्रकन उडून जायच्या ऐवजी गोळी होऊन सैरावैरा धावायला लागला. कमी तापलेल्या तव्यावरचा थेंब लगेच जातो, जास्त तापलेल्यावरचा टिकतो. हे उलटं कसं? तिने मला विचारलं. मी जन्मभर विस्तवाशी खेळलो, मला सांगता येईना. तिने वर्गात विचारलं. बटण दाबायला नेमलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "हे सीडीत नाही. खाली बस."

मी तंजावरला फोन लावला. प्रश्न ऐकताच मास्तरांचा आवाज हलका झाला, "तवा लोखंडी होता? थेंब केवढा?" असं सुरू झालं आणि मधेच थांबलं. "मी आतां त्या शाळेचा नव्हे, राव," ते शेवटी म्हणाले. "पोर त्यांची आहे. त्यांस विचारा." फोन ठेवायच्या आधी त्यांनी मुलीने किती वेळा करून पाहिलं, ते मात्र विचारलंच.

तर विचारतो. करस्पॉन्डंट सार, माझी मुलगी अजून उभी आहे. तिला खाली बसायला सांगू नका. तुम्ही स्वतः वर्गात या, बाह्या वर करा, आणि सगळ्या पोरांसमोर तिला उत्तर द्या.