ढाबळीवरचं ओलं बारदान

मेहरूणच्या तलावापासून चार गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर माझी ढाबळ आहे. जुन्या दारांच्या फळ्या, समोर जाळी, वर पत्रा. आत होमर जातीची कबुतरं. ही शर्यतीची कबुतरं, शंभर-दोनशे किलोमीटर लांब नेऊन सोडली तरी आपल्या ढाबळीवर परत येतात. गच्चीखालच्या एका खोलीत मी राहते आणि छापखान्यात मुद्रितं तपासते.

मी मूळची धुळ्याची. वडील कामगार चळवळीत होते. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवली, त्यांचीच कव्हरं वह्यांना घातली. अन्याय दिसला की कागद काढायचा आणि चौकात उभं राहून स्वतःच्या हातानं वाटायचा, एवढी एकच रीत मला ठाऊक होती. वडील गेले. घर भाड्याचं होतं, तेही सुटलं. नोकरीसाठी जळगावला आले तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. कामावरून परतले की मी गच्चीवर जाऊन बसायची, कारण खोलीत बसलं की शेजारच्या घरातलं जेवतानाचं बोलणं भिंतीतून ऐकू यायचं.

दोन घरं सोडून पुढच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात ज्वारी खुळखुळवत आणि आभाळातून पाखरं खाली येत. बरेच दिवस मी नुसती बघत होते. एकदा ते तिकडूनच ओरडले, "पोरी, तठे बशीन काय देखस? आठे ये. ढाबळ खरडाले माणूस पाहिजे."

मी गेले आणि खरडायला बसले. ते नाना. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, धुळ्याकडचेच, त्यामुळे मायेनं बोलायचं असलं की अहिराणीत बोलत. कबुतरं पाळणाऱ्यांच्या मंडळात त्यांच्याएवढं जुनं कुणी नव्हतं. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांच्या टोपल्या टेम्पोत घालून लांब न्यायच्या आणि पाखरं सोडायची, हे काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं.

त्यांनी मला दोन जोड्या दिल्या, माझी ढाबळ उभी करून दिली आणि जे जे येत होतं ते सगळं शिकवलं. सकाळी आधी खरडणं, मग दाणा. ज्वारी, मका, हरभरा, थंडीत थोडी बाजरी. विटेचा आणि शिंपल्याचा चुरा मिठात कालवून वेगळ्या वाटीत. आठवड्यातून एकदा अंघोळीला परात. चोचीवरचा फुगीर भाग खडूसारखा पांढरा असला म्हणजे पाखरू बरं आहे, तो मळकट झाला की काहीतरी बिघडलं आहे. पण सगळ्यात जास्त वेळ त्यांनी हवेवर घालवला. ढाबळीला खाली पुढून फट हवी आणि वर मागून, पत्र्याखाली. ते एक उदबत्ती पेटवून पाखरं बसतात त्या उंचीवर धरत. धूर सावकाश वर चढून मागच्या फटीतून जायला हवा. झपकन उडाला तर वारा अंगावर येतोय, तिथेच घोटाळला तर हवा कोंडली आहे. "आपण दार उघडून बाहेर जातो," नाना म्हणायचे, "यांनी कुठे जायचं?"

अक्का, म्हणजे नानांची बायको, खालून चहा पाठवायच्या आणि वर आल्या की आम्हा दोघांना टोमणे मारायच्या. "हिले आपण दत्तक लिऊ का? नाहीतरी कबुतरंच जास्त खातंस." माझ्या जळगावातल्या दोन वर्षांत मी मनापासून जे बोलले ते त्या गच्चीवर.

मंडळाची हंगामातली शेवटची शर्यत चैत्रात असायची, आणि तीच सगळ्यात लांबची, सातपुड्याच्या पलीकडून. त्या दिवसांत खान्देशात सकाळी नऊला रस्ता तापतो. वाटेत पाणी नाही, डोंगरावर ससाणे, आणि पाखराला फक्त घर ठाऊक. ते थांबत नाही. थांबत नाही म्हणूनच ते मरतं. माझ्या पहिल्या वर्षी आलेली पाखरं मी पाहिली होती. पंख लोंबलेले, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. माणसं त्यांच्या पायातल्या कडीचे फोटो काढून ग्रुपवर टाकत होती.

दुसऱ्या वर्षी मी मंडळाच्या बैठकीत उभी राहिले. ही शर्यत माघात घ्या, म्हटलं.

"ताई, मग कबुतराला छत्री बांधून देऊ का?" एकजण म्हणाला. सगळे हसले.

"आणि गॉगल," दुसरा म्हणाला.

नाना हसले नाहीत. घरी येताना म्हणाले, "मी बोलतो एकेकाशी. तू कागद नको काढू. कागद निघाला का माणसं अडून बसतात."

मी कागद काढला. त्या मागणीत काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. पाखराचा जीव घेऊन मिळालेल्या बक्षिसाच्या ढालीला मी ढाल म्हणत नाही, आणि हे वाक्य मी पत्रकात लिहिलं होतं. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. मला पुरावा हवा होता आणि तो माझ्याकडे होता. काही महिन्यांपूर्वी पाण्याचं भांडं धुताना, माझ्याकडे पाठ करून, नानांनी मला सांगितलं होतं की आदल्या चैत्रातल्या शर्यतीत त्यांची किती पाखरं गेली. मंडळाला त्यांनी फार कमी सांगितली होती. सगळ्यात जुन्या माणसाला ते सांगवलं नाही. मी पत्रकात लिहिलं की आपल्यातल्या सर्वांत जुन्या ढाबळीतून इतकी पाखरं गेली आणि ती लपवली गेली. आकडा मी इथे लिहीत नाही. तो माझा नव्हता.

नाव घातलं नव्हतं, पण सर्वांत जुनी ढाबळ मेहरूणमध्ये एकच.

शर्यत रद्द झाली. मी जिंकले. नानांच्या दारावर कुणीतरी ते पत्रक खळ लावून चिकटवलं आणि अक्कांनी ते पाणी मारून, नखांनी खरवडून काढलं. पाखरं सोडण्याचं काम नानांनी स्वतःहून सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा ते दारात उभे होते.

"तुम्ही खरं तेच लिहिलं," ते म्हणाले. "खोटं काही नाही त्यात." मग दार लोटून घेतलं. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं.

नंतर संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकायचे ती पाठ माझ्याकडे करून. डबा खुळखुळायचा, त्यांची पाखरं उतरायची. मग मी माझा डबा हलवायची. मधल्या दोन गच्च्यांवर लोकांचे कपडे वाळत असायचे. मंडळातल्यांनी तर बोलणं टाकलंच होतं. छापखान्यात दिवसभर मान खाली घालून काम. कित्येक दिवस चहावाल्याला "एक कट" म्हणण्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. चहा घशाखाली उतरला की लक्षात यायचं, आजचं बोलणं संपलं.

मग मे आला. पहूरकडून येणारा वारा भट्टीच्या तोंडासारखा. आमच्याकडे उन्हाळ्यात जो तो तेच करतो, खिडकीला ओलं बारदान लावतो आणि कूलर सुरू करतो. मी ढाबळीलाही तेच केलं. चारी बाजूंनी गोणपाट सोडलं, मागच्या फटीतून झळा येतात म्हणून ती चिंध्यांनी बुजवली आणि दर दोन तासांनी पाणी मारलं. दुपारी कामावर असले की खालच्या मजल्यावरच्या बाईंना पाणी मारायला सांगून जायची. आत हात घातला की गार लागायचं. मला समाधान वाटायचं. उन्हात पाखरं मारणाऱ्यांना मी नावं ठेवली होती, आणि माझी पाखरं बघा कशी सावलीत, गारव्यात.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक नर श्वास घेताना घशातून बारीक टकटक आवाज काढू लागला. मग दुसऱ्याचं नाक ओलं. चोचीवरचा पांढरा भाग राखेसारखा झाला. मी मोबाईलवर वाचलं, दुकानातून औषध आणलं, पाण्यात घातलं, बारदान आणखी भिजवलं. दोन गच्च्यांपलीकडे ज्या माणसाला एका नजरेत कळलं असतं, तो मला दिसत होता. त्याची पाठ दिसत होती. मी आठ दिवस गेले नाही. काय सांगणार होते? ज्याची मेलेली पाखरं मी चौकात मोजून दाखवली, त्याला म्हणायचं का की आता माझी मरतायत, या?

तीन मेली. नवव्या दिवशी सकाळी चौथी, एक मादी, मान टाकून बसली तेव्हा तिला ओढणीत गुंडाळलं आणि गेले.

अक्कांनी दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, पत्रकवाली उनी शे. पेन आणेल शे का, आधी इचारा."

मी ओढणी उघडून दाखवली. अक्का बाजूला सरल्या.

नानांनी पाखरू हातात घेतलं, चोच उघडून आत पाहिलं, छातीला कान लावला. चप्पल घालून चालू लागले. माझा जिना चढताना गुडघ्यामुळे प्रत्येक पायरीवर थांबत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. गच्चीवर येऊन ढाबळ पाहिली मात्र, आणि तिथेच उभे राहिले.

"बारदान काढा."

मी एक बाजू काढली.

"सगळं."

मग त्यांनी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि आत धरली. बारदान काढूनही धूर पाखरांच्या भोवतीच फिरत राहिला. त्यांनी मला मानेनं खूण केली. मी वाकून ढाबळीत डोकं घातलं. डोळ्यांत चर्रकन झोंबलं, पाणी आलं. बाहेरून हात घालून गारवा तेवढा पाहिला होता मी. इतक्या दिवसांत नाक एकदाही आत घातलं नव्हतं.

"पाण्यानं खालची घाण ओली राहिली," नाना म्हणाले. "तिचा उग्र वास वर चढला. वर वाट तुम्ही बुजवली. उन्हानं पाखरू तोंड उघडतं, तोंड उघडून हेच आत घेतलं. औषध काय करील?"

दुपारपर्यंत आम्ही काम केलं. चिंध्या काढल्या, मागची फट बोटभर आणखी रुंद केली, तळ खरडून कोरडा चुना टाकला. पत्र्याच्या वर हातभर अंतर ठेवून बांबूंवर हिरवी जाळी ताणली, म्हणजे सावली पडेल आणि मधून वाराही जाईल. नानांनी पुन्हा उदबत्ती धरली. धूर चढला, पत्र्याखाली रेंगाळला आणि मागून बाहेर गेला.

"मी हे लिहिणार आहे," मी म्हणाले. "माझी तीन गेली, माझ्या हातानं गेली. मंडळाला सांगणार."

"तुमची तुम्ही लिहा." ते चुन्याचे हात झटकत होते. बराच वेळ झटकत होते. मग म्हणाले, "येळ भेटता तर मन्हं बी मीच सांगतू ना, पोरी. माणसाले चार दिवस लागतंस."

मी चहा ठेवते म्हटलं. नको म्हणाले आणि एकेक पायरी उतरत गेले. चौथं पाखरू वाचलं.

मंडळाच्या ग्रुपवर मी ते सगळं लिहिलं. तीन पाखरं, ओलं बारदान, बुजवलेली फट, आणि आठ दिवस मी कुणाला विचारलं नाही तेही. कुणीतरी हसऱ्या तोंडांची रांग टाकली. नानांनी वाचल्याची खूण दिसली. पावसाळा गेला, पिसं झडून नवी आली. खुर्ची तशीच पाठमोरी.

हिवाळ्यात हंगामाची पहिली शर्यत धुळ्याहून ठरली. नाना सोडायला जाणार नव्हते आणि थंडीत पहाटे निघायला दुसरं कुणी तयार होईना. मी जाते म्हटलं. कुणी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. पहाटे टेम्पोपाशी टोपल्या येत गेल्या, लोक त्या रांगेत ठेवून बाजूला उभे राहत होते. नाना सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी टोपली रांगेत ठेवली नाही. माझ्या हातात दिली.

"सोडाच्या आधी पाणी पाज. धुकं असलं तर थांब. कुणी फोन करू दे, थांबजो."

धुळ्याच्या बाहेर महामार्गालगतच्या मोकळ्या शेतात आम्ही पोचलो तेव्हा खरंच धुकं होतं. मंडळाचे दोन फोन आले, सोडा म्हणून. मी थांबले. मागे माझं गाव होतं, ज्यात आता माझं घर नव्हतं. ऊन पडलं, रस्त्यापलीकडची झाडं स्पष्ट झाली, तेव्हा टोपल्या उघडल्या. पंखांचा एकच आवाज झाला, थव्यानं एक गोल घेतला आणि उगवतीकडे निघून गेला. रिकाम्या टोपल्या टेम्पोत चढल्या; त्याला पुढे साक्रीकडे माल घ्यायला जायचं होतं. मी रस्त्यावरच्या टपरीपाशी एसटीची वाट बघत उभी राहिले. पाखरं दीड तासाच्या आत पोचणार होती. मला अडीच तास तरी लागणार होते, आणि पोचल्यावर कोणाची आली, कोणाची नाही, हे कुणी मला सांगेल अशी काही खात्री नव्हती.

दोन गाड्या भरलेल्या म्हणून न थांबता गेल्या; तिसरी वळणावर दिसली तेव्हा दीड तास उलटला होता, आणि फोन वाजला.

"तठेच शे का?"

"हो, नाना."

"तुन्हा बठ्ठा उनात." म्हणजे माझी सगळी आली होती, आणि पलीकडे डबा अजून खुळखुळत होता. "मन्ही राखी मादी नही उनी. कधी कधी परत फिरी जातंस, सोडेल जागावर. देख जरा वर."

"ताई, जळगाव ना? चढा लवकर," कंडक्टर दारातून म्हणाला.

"जाऊ द्या," मी म्हटलं. त्यानं घंटी मारली.

शेतात परत आले. आभाळ स्वच्छ होतं, त्यात दोन घारी होत्या. फोन कानालाच होता. पलीकडून नानांच्या गच्चीवरचा वारा ऐकू येत होता, आणि अक्का काहीतरी विचारत होत्या.

"दिसस का?"

"अजून नाही."

"देख."

"बघते, नाना. आहे मी इथेच."